माध्यमिक शाळेतील व्यवसाय-परिचय मंडळ : संकल्पना, कार्यपद्धती आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील शक्यता

गोषवारा :
दहावीनंतरची शाखानिवड हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पहिला मोठा निर्णय होय. ग्रामीण भागात तो बहुधा ऐकीव माहितीवर आणि अत्यल्प काळात घेतला जातो. इयत्ता आठवी ते दहावीच्या काळात निरनिराळ्या व्यवसायांचा क्रमाक्रमाने परिचय घडविणारे विद्यार्थ्यांचे मंडळ, म्हणजेच ज्याला सामान्यतः 'करिअर क्लब' म्हटले जाते ते, या उणिवेवरील एक अल्पखर्चिक उपाय ठरू शकते. प्रस्तुत लेखात या मंडळाची संकल्पना, तिचा सैद्धांतिक व ऐतिहासिक आधार, अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भातील कार्यपद्धती, मर्यादा आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : व्यवसाय-परिचय, शाखानिवड, माध्यमिक शिक्षण, क्षेत्रभेट, अहिल्यानगर जिल्हा.

१. प्रास्ताविक

दहावीचा निकाल लागतो आणि अवघ्या काही दिवसांत विद्यार्थ्याला कला, वाणिज्य, विज्ञान, औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतन यांपैकी एक वाट धरावी लागते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागल्याने ग्रामीण विद्यार्थ्यालाही पसंतीक्रम भरावा लागतो. अर्ज भरण्याची सोय झाली. परंतु पसंती कशाच्या आधारे ठरवावी, हा प्रश्न मात्र पूर्वी होता तेथेच आहे. गुण चांगले असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य आणि कमी असतील तर कला, असा एक अलिखित नियम समाजात रूढ आहे. या नियमात विद्यार्थ्याची आवड, क्षमता व परिस्थिती यांपैकी कशाचाही विचार नाही.

या निर्णयाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. सुस्थितीतील कुटुंबातील मुलाची शाखा चुकली, तर एक-दोन वर्षे खर्ची घालून तो वाट बदलू शकतो. जिरायती शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या मुलाला ही मुभा नसते. बारावी विज्ञानात अनुत्तीर्ण झाल्यावर त्याचे शिक्षण बहुधा तेथेच थांबते. मुलीच्या बाबतीत तर शिक्षण थांबणे आणि विवाह ठरणे यांत फारसे अंतर राहत नाही. म्हणून शाखानिवडीपूर्वी व्यवसायांची ओळख करून देणे हे शाळेचे अतिरिक्त काम नसून शैक्षणिक समतेचा भाग आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

२. संकल्पना : मंडळ म्हणजे काय व काय नव्हे

व्यवसाय-परिचय मंडळ म्हणजे इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचा, एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली वर्षभर नियमितपणे चालणारा गट. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ किंवा राष्ट्रीय हरित सेना यांप्रमाणेच त्याची रचना असते. विद्यार्थी परिसरातील व्यवसायांची यादी करतात, काम करणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती घेतात, कामाच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण करतात आणि जे आढळले त्याची नोंद ठेवतात.

हे मंडळ इतर तीन उपक्रमांपासून वेगळे आहे. पहिला उपक्रम म्हणजे निकालानंतर आयोजित होणारे मार्गदर्शनपर व्याख्यान. त्यात माहिती एकाच दिवशी, एकाच दिशेने दिली जाते आणि निर्णयाची वेळ तोवर येऊन ठेपलेली असते. दुसरा उपक्रम म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी. ती आवडीचा कल दाखविते; पण ज्या व्यवसायाचे नावही विद्यार्थ्याने ऐकलेले नाही, त्याविषयीची आवड तो कशी नोंदविणार? तिसरा उपक्रम म्हणजे स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र. तेथे ध्येय आधीच ठरलेले असते व तयारी तेवढी करावयाची असते. मंडळाचे कार्य या तिन्हींच्या आधीचे आहे. निवड करण्यापूर्वी निवडीचे क्षेत्र विस्तृत करणे हा त्याचा हेतू होय.

३. सैद्धांतिक आधार

व्यवसाय मार्गदर्शनाचे आद्य प्रवर्तक म्हणून फ्रँक पार्सन्स यांचा उल्लेख केला जातो. त्यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा विवेकपूर्ण मेळ अशी तीन अंगे त्यांनी सांगितली. आपल्याकडील बहुतेक उपक्रम पहिल्या अंगावर, म्हणजे चाचणीवर, भर देतात. दुसरे अंग दुर्बल राहते आणि त्यामुळे तिसरे साधत नाही.

डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायनिवड ही एक घटना नसून दीर्घ प्रक्रिया आहे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मांडणीत साधारणतः १५ ते २४ हा वयोगट शोधाचा काळ मानला आहे. या काळात व्यक्तीने निरनिराळ्या भूमिका अजमावून पाहाव्यात, अशी अपेक्षा असते. आपल्या शिक्षणव्यवस्थेत मात्र शोधाच्या आरंभीच निवड करावी लागते.

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक मांडणी लिंडा गॉटफ्रेडसन यांची आहे. १९८१ मध्ये त्यांनी असे दाखवून दिले की, मुले आवडीचा विचार करू लागण्यापूर्वीच अनेक व्यवसाय मनातून वगळून टाकतात. साधारणतः सहा ते आठ या वयात 'हे काम मुलींचे, ते मुलांचे' अशी विभागणी मनात रुजते. नऊ ते तेरा या वयात 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे' अशी सामाजिक प्रतिष्ठेची मर्यादा आखली जाते. चौदाव्या वर्षानंतर आवडीनिवडीचा विचार सुरू होतो, पण तोवर उरलेल्या थोड्या पर्यायांतूनच. आपल्या समाजात या मर्यादेला जात, जमीनधारणा आणि घरातील शिक्षण यांचीही जोड असते. याचा अर्थ असा की, दहावीच्या निकालानंतरचे मार्गदर्शन उशिरा येते. आठवीपासून मंडळ सुरू करावे, या सूचनेमागील कारण हेच होय.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिक्षण आणि काम यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजविले. अहिल्यानगर जिल्ह्यातही या संस्थेच्या अनेक शाळा आहेत. श्रमप्रतिष्ठा आणि स्वावलंबन हा त्या विचाराचा गाभा होता; व्यवसायनिवडीचे मार्गदर्शन हा त्याचा थेट हेतू नव्हता.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी व व्यवसाय-शिक्षक नेमावेत, अशी शिफारस केली. विविध उद्योगांतील कामाचे स्वरूप दाखविणारे चित्रपट तयार करावेत आणि त्यांस प्रत्यक्ष भेटींची जोड द्यावी, असेही आयोगाने सुचविले होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानून कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना मांडली. शिफारशींची उणीव कधीच नव्हती. परंतु कार्यानुभवाची तासिका अनेक ठिकाणी कागदी फुले व शोभेच्या वस्तू यांपुरती मर्यादित राहिली आणि मार्गदर्शन अधिकाऱ्याचे पद बहुतांश ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचलेच नाही.

याला एक ठळक अपवाद अहिल्यानगरच्या शेजारीच आढळतो. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे विकसित झालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार क्षेत्रांतील कामे प्रत्यक्ष करतात. गावातील लोकांना उपयोगी पडणारी सेवा देता देता शिकणे, हे या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य आहे. अभ्यासक्रमासाठी कार्यशाळा, साधने व निदेशक लागतात. ज्या शाळेत ते शक्य नाही, तेथे निदान निरीक्षण आणि संवाद यांवर आधारलेले मंडळ चालविता येते.

राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतील कल त्यातून सांगितला जाई. २०२० मध्ये युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी महाकरिअर पोर्टल सुरू झाले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे अनुभव, अशी तरतूद सुचविली. त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चाचणी, माहिती आणि दहा दिवस यांना सातत्याचा धागा देण्याचे काम शाळेतील मंडळ करू शकेल.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. जपानमधील ह्योगो प्रांतात १९९८ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळेतील दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, म्हणजे साधारणतः आपल्या आठवीच्या वयाची मुले, एक आठवडा दुकान, शेत, रुग्णालय, अग्निशमन केंद्र अशा ठिकाणी घालवितात. १९९५ च्या कोबे भूकंपानंतरच्या काळात मुलांचा समाजाशी संबंध दृढ व्हावा, या हेतूने हा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी स्वतंत्र इमारत किंवा नवा विषय लागला नाही. गावानेच शाळेसाठी दारे उघडली.

५. जिल्ह्याचा संदर्भ

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १४ तालुक्यांत विभागलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५.४३ लाख असून तिच्यापैकी सुमारे ८० टक्के ग्रामीण आहे. उत्तरेकडील प्रवरा-गोदावरीकाठचे बागायती तालुके, दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुके आणि पश्चिमेकडील अकोल्याचा आदिवासीबहुल डोंगराळ भाग अशी तीन भिन्न चित्रे एकाच जिल्ह्यात दिसतात.

व्यवसायांची विविधता येथे विपुल आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राहुरी येथे १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ कार्यरत आहे. नगर शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, रणगाडा संग्रहालय आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. नागापूर व सुपे येथे औद्योगिक वसाहती आहेत. शिर्डी येथे तीर्थाटनामुळे निवास, भोजन व वाहतूक यांचे मोठे क्षेत्र विकसित झाले असून २०१७ मध्ये तेथील विमानतळ सुरू झाले. लोणी येथे वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे. हिवरे बाजार येथील पाण्याचा ताळेबंद आणि अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांची देशी बियाण्यांची बँक ही तर देशभर अभ्यासली गेलेली उदाहरणे आहेत.

असे असूनही विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर व्यवसाय मोजकेच असतात : शिक्षक, पोलीस, सैनिक, डॉक्टर, अभियंता आणि परिचारिका. एकेकाळी शिक्षक पदविकेकडे विद्यार्थ्यांचा असाच लोंढा गेला व पुढे भरती थंडावल्यावर अनेक पदविकाधारक नोकरीविना राहिले. एकाच वाटेवर गर्दी होण्याचे एक कारण इतर वाटा न दिसणे हेही आहे.

६. कार्यपद्धती : साखर कारखान्याचे उदाहरण

मंडळाचे काम निरीक्षण, मुलाखत, पडताळणी व नोंद या चार टप्प्यांत होते. उदाहरणादाखल साखर कारखान्याचा विचार करता येईल. हंगामात कारखान्याची एक भेट शाळेच्या सहलीसारखी केली, तर विद्यार्थी यंत्रे पाहून व साखर चाखून परततात. मंडळाच्या भेटीत मात्र प्रत्येक गटाने एका विभागातील माणूस व त्याचे काम पाहावयाचे असते. शेतकी विभागात उसाची नोंद व तोडणीचा कार्यक्रम ठरतो. वजनकाट्यावर गाडीचे वजन होते. गाळप विभागात जोडारी आणि वीजतंत्री असतात. बाष्पक चालविणाऱ्यास त्यासाठीची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. पॅनवर काम करणारा कामगार दाणा कितपत धरला आहे हे अनुभवाने ओळखतो. प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे पदवीधर रसाची शुद्धता तपासतात. याशिवाय लेखा, भांडार, आसवनी व सहवीजनिर्मिती हे विभाग असतात.

दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थी ठरावीक प्रश्न विचारतात : आपण येथपर्यंत कसे आलात? दहावीनंतर काय शिकलात? किती खर्च आला? दिवसाचे किती तास काम असते? हंगाम संपल्यावर काय करता? या कामातील कठीण भाग कोणता? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण व्यवसायाची केवळ उजळ बाजू सांगणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. तिसऱ्या टप्प्यात मिळालेली माहिती शिक्षकांच्या साहाय्याने पडताळली जाते. जोडारीचा अभ्यासक्रम जवळच्या कोणत्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आहे, साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये घेण्यासाठी कोणती पात्रता लागते, याचा शोध विद्यार्थी घेतात. चौथ्या टप्प्यात प्रत्येक व्यवसायाचे एक पान तयार होते. तीन वर्षांत शाळेकडे स्वतःचा व्यवसायकोश जमा होतो आणि पुढील तुकड्यांना तो उपलब्ध होतो.

या उदाहरणाला आणखी एक बाजू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या घरातील मुलाने कारखाना पाहिलेला असतो. परंतु तो उसाच्या गाडीवरून, गव्हाणीच्या बाहेरून. त्याच कारखान्यातील प्रयोगशाळेचे दार त्याने कधी ओलांडलेले नसते. ते दार एकदा आतून पाहिल्याने त्याची परिस्थिती बदलणार नाही. परंतु गॉटफ्रेडसन यांनी सांगितलेली 'आपल्यासारख्यांचे काम नव्हे' ही रेषा पुसट होण्यास तेथून आरंभ होऊ शकतो. अशा स्थलांतरित विद्यार्थ्यांचा विचार करून भेटींचे वेळापत्रक कुटुंबे गावी असतानाच्या महिन्यांत ठेवणे आवश्यक आहे. हंगाम नसताना कारखान्यात यंत्रदुरुस्तीची कामे चालतात, त्यांची भेटही तितकीच बोधप्रद असते.

७. मुलींचा सहभाग

मुलींच्या बाबतीत अंतर हा पहिला अडथळा होय. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने असलेल्या एसटीच्या मोफत पास योजनेमुळे असंख्य मुली शाळेपर्यंत पोहोचल्या. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु पास घर ते शाळा या प्रवासापुरता असतो. शाळेबाहेरील भेटीसाठी वाहन, सोबत आणि पालकांची संमती यांची तजवीज शाळेला करावी लागते. जेथे भेट शक्य नाही तेथे व्यक्तीलाच शाळेत बोलवावे. मुलाखतीसाठी निवडलेल्या व्यक्तींत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक मंडळाने घालून घ्यावा. एसटीतील महिला वाहक, महिला तलाठी, दूध संकलन केंद्र चालविणारी गृहिणी, पशुवैद्यक, ग्रामीण रुग्णालयातील तंत्रज्ञ यांच्याशी झालेला संवाद मुलींइतकाच त्यांच्या पालकांसाठीही उपयुक्त ठरतो. म्हणून वर्षातील किमान एका बैठकीस आई-वडिलांना निमंत्रित करावे.

८. मर्यादा व दक्षता

मंडळाच्या कल्पनेवर काही रास्त आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप असा की, स्थानिक व्यवसायांवर भर दिल्याने शेतकऱ्याचा मुलगा शेतीत व कारागिराचा मुलगा कारागिरीतच अडकेल. हा धोका खरा आहे. यासाठी प्रत्येक स्थानिक व्यवसायासोबत दूरच्या एका व्यवसायाचा परिचय ठेवावा आणि प्रत्येक कामाच्या वरच्या पायऱ्याही दाखवाव्यात. रुग्णालय पाहताना परिचारिकेबरोबर क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माता आणि डॉक्टर असे सर्वच दिसले पाहिजेत.

दुसरी दक्षता कायद्याची आहे. बालकामगारविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी असून चौदा ते अठरा वयोगटासाठी धोकादायक कामे निषिद्ध आहेत. त्यामुळे भेटीचे स्वरूप निरीक्षणाचेच असावे. अनुभवाच्या नावाखाली विद्यार्थी विनामूल्य मजूर ठरता कामा नयेत.

तिसरी मर्यादा शिक्षकाची आहे. अध्यापनाबरोबरच सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे व निवडणूक कामे यांचा भार शिक्षकांवर असतोच. म्हणून महिन्यातून दोन तासिका आणि वर्षातून तीन भेटी एवढेच माफक उद्दिष्ट ठेवणे इष्ट होय. चौथी दक्षता अशी की, खाजगी शिकवण्या व प्रवेशेच्छुक संस्था यांना मंडळाचे व्यासपीठ जाहिरातीसाठी वापरू देऊ नये.

९. महाविद्यालयाची भूमिका

हा शेवटचा मुद्दा महाविद्यालयांनाही लागू पडतो. शाळांत जाऊन प्रवेशाचा प्रचार करणे आणि शाळांना मार्गदर्शनात साहाय्य करणे यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात महाविद्यालयाची गरज भागते, दुसऱ्यात विद्यार्थ्याची. राज्यातील अनेक महाविद्यालयांत २०२१ नंतर 'करिअर कट्टा' हा उपक्रम सुरू झाला आहे. त्याचा अनुभव परिसरातील शाळांपर्यंत नेता येईल. मानसशास्त्र विभागाने मुलाखतीची प्रश्नावली तयार करण्यास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी शिक्षणखर्च व उत्पन्न यांची मांडणी शिकविण्यास, भूगोल विभागाने तालुक्याचा व्यवसाय-नकाशा काढण्यास आणि मराठी विभागाने नोंदलेखनास साहाय्य करावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, विशेषतः त्याच गावातून आलेले, शाळेतील मुलांना अधिक जवळचे वाटतात. माजी विद्यार्थ्यांची सूची हे तर महाविद्यालयाकडील मोठे धन आहे.

महाविद्यालयाचे यात हितही आहे. प्रथम वर्षात प्रवेश घेऊन मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांत, शाखा का घेतली याचे उत्तर नसलेले विद्यार्थी असतात, हे वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येकास परिचित आहे.

१०. मूल्यमापन

मंडळाचे यश कार्यक्रमांच्या संख्येवरून किंवा छायाचित्रांवरून ठरवू नये. दहावीच्या अखेरीस विद्यार्थ्याला किमान पाच व्यवसायांची पात्रता, शिक्षणाचा कालावधी, खर्च आणि कामाचे स्वरूप सांगता येते का? आपल्या निवडीची कारणे तो घरी पटवून देऊ शकतो का? पहिली वाट बंद झाल्यास दुसरी कोणती, हे त्याला ठाऊक आहे का? या प्रश्नांची उत्तरे हाच खरा मापदंड होय. एखाद्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काम पाहून आपला आधीचा विचार बदलला, तर तेही मंडळाचे यशच मानावे. कारण तो बदल दोन वर्षे व फी खर्ची पडण्यापूर्वी झालेला असतो.

११. समारोप

व्यवसाय-परिचय मंडळ बेरोजगारीचा प्रश्न सोडवू शकत नाही. जागा निर्माण करणे हे शाळेचे काम नाही. परंतु उपलब्ध वाटांची माहिती केवळ शहरी व सुशिक्षित घरांतील मुलांनाच असावी, ही विषमता शाळा निश्चितच कमी करू शकते. मुदलियार आयोगाने सुचविलेल्या प्रत्यक्ष भेटींना सत्तर वर्षे लोटली. त्यासाठी लागणारी शेते, कारखाने, रुग्णालये, संशोधन संस्था व कष्टाळू माणसे अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक शाळा निवडून आठवीच्या एका तुकडीपासून आरंभ केला, तर तीन वर्षांनी अकरावीचा अर्ज भरताना त्या तुकडीतील विद्यार्थ्यांची पसंती अधिक डोळस असेल, अशी अपेक्षा करता येते.